वर्ज्य आहारातल्या सात कोळंब्या

३ मार्च २०१६, गुरुवार. कोळंबी सोलण्याच्या कारखान्याच्या हजेरीपटात त्या दिवशी ताईंची रजा नोंदलेली आहे. तो पट मी स्वतः तपासला आहे. बावीस वर्षे सोलण्याचे काम केल्यावर त्यांच्या अंगावर गांधी उठू लागल्या होत्या. डॉक्टरांनी सहा आठवडे केवळ भात, दुधी आणि नासपती खायला सांगितले.

"कोळंबी, खेकडे, शिंपले, काहीच चालणार नाही. नंतर एकेक देऊन बघू. कोळंबीनेच गांधी उठल्या, तर कामावर पाणी सोडावं लागेल."

"आणखी दुधी खाल्ला तर मलाच वेल फुटेल," ताई म्हणाल्या. पण रोजचे खाणे त्या वहीत नेमाने लिहीत. पाच आठवड्यांत अंग स्वच्छ झाले.

रजेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी त्या सुजलेल्या ओठांनी उठल्या. वहीत गुरुवारच्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहिले होते : 'कोळंबी, सात.'

"अगं, मी कोळंबीला शिवलेसुद्धा नाही!"

"मला सांगतेस? काल दिवसभर तुझ्या मानगुटीवर बसले होते," त्यांच्यासोबत राहणारी धाकटी बहीण म्हणाली. "पण ताई, अक्षर तुझंच आहे."

तिने कचऱ्याचा डबा उघडला. आत कोळंबीची सात टरफले होती, शेपटीसकट अखंड. एका झटक्यात असे सोलणे कारखान्यात फक्त ताईंना जमत असे.

ताईंनी त्याच दिवशी काम सोडले. कोळंबी घरात कशी आली, ती कोणी खाल्ली आणि गांधी तिच्यामुळेच उठत होत्या का, हे अद्याप अज्ञात आहे.