एका झाडाची सहा नावं

समजा, वहीच्या पानाएवढा पत्रा तुमच्या हातात देऊन कोणी म्हणालं, की यावर एका झाडाची सहा नावं रंगवा आणि ती चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत, तर सुरुवात कशी कराल?

पेंटरने सवयीने केली. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. पहिला शब्द रस्त्यापलीकडून दिसलाच पाहिजे, हा त्याचा बाणा. 'बेल' असा ठसठशीत उतरला, की अर्धा पत्रा त्यानेच खाल्ला. मग 'बिल्व', 'श्रीफळ' आणि 'मालूर' दाटीवाटीने बसले, 'शांडिल्य' काठाला लटकला आणि 'शैलूष' कोपऱ्यात आडवा झाला.

"दाजी, शेवटच्याने तिकीट काढलं नव्हतं का?" मेहुण्याने विचारलं.

मेहुण्याचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. ही नमुन्याची पाटी सार्वजनिक बागेच्या साहेबांना पटली, तर तिथल्या सगळ्या झाडांच्या पाट्या पेंटरकडे येणार होत्या. नाही पटली, तर मेहुण्याच्या दुकानात कॉम्प्युटरपुढे बसायचं, असं बायकोने परस्पर ठरवून टाकलं होतं. कामाचं त्याला वावडं नव्हतं. पण मेहुण्याला 'शेठ' म्हणायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

त्याने पत्रा पुसला, पेन्सिलीने रेघा आखल्या आणि सहाही नावं पिवळ्यावर लाल अशी सुबक काढली, की बायकोसुद्धा "बरी आहे" म्हणाली. देवाच्या झाडाला खिळा कसा ठोकायचा, म्हणून पाटी तारेने बुंध्याला बांधली. छातीच्या उंचीवर, वाचायला सोयीची.

तिथेच घोळ झाला. पूजेसाठी बेलाची पानं न्यायला येणाऱ्या एका मावशींनी ती पिवळी-लाल पाटी बघून हात जोडले. दुसरीने हळद लावली. तिसरी कशी मागे राहील? तिने कुंकू लावलं. साहेब पाहणीला आले, तोवर पाटीवर काय लिहिलंय हे एका देवालाच ठाऊक.

"हे काय आहे?"

"बेल, साहेब."

"ते झाड झालं. पाटीवर काय आहे?"

पेंटरने खिशातून फडकं काढलं, तोच पानं तोडत असलेल्या त्या पहिल्या मावशी कडाडल्या, "अहो, देव पुसताय? हात झडतील!"

"मावशी, नुसती नावं आहेत ही. मीच रंगवलीत."

"देवाच्या झाडाचीच ना? मग चपला काढा आधी!"

पेंटरने काढल्या. मावशींची नजर वळली तसे साहेबांनीही मुकाट्याने बूट काढले.

"अक्षर चांगलं असणार," साहेब मोजे सावरत म्हणाले, "त्याशिवाय कोणी हात जोडले नसते. पण मला ते वाचता आलं पाहिजे. एवढं जमवा, बाकीच्या पाट्या तुमच्याच."

पेंटरने तार सोडून पाटी धुतली आणि डोक्याच्या वर धरून पाहिली.

"मावशी, जरा हात वर करा बरं."

मावशींनी केला. हात पोचला नाही. पेंटरचा चेहरा खुलला.

"असू दे," मावशी म्हणाल्या, "उद्या घरून स्टूल आणते."

पेंटर पाटी घेऊन तसाच अनवाणी उभा राहिला. माणसाचा डोळा पोचेल, पण भक्ताचा हात पोचणार नाही, अशी उंची नेमकी किती?