व्हॅनवाला ड्रमर

नेव्हिल ट्रँटर इंग्लंडातल्या विलेनहॉल गावी कुलपांच्या कारखान्यात कामाला होता आणि सुटीच्या दिवशी ड्रम बडवायचा. त्याच्याकडे एक निळी व्हॅन होती. मूळची ती त्याच्या चुलत्याची, मासे विकायची. चुलत्याने धंदा बंद केला तेव्हा ती याच्या गळ्यात पडली. कितीही धुतली तरी उन्हात उभी केली की आत कॉड माशाचा वास सुटायचाच.

पहिल्या बँडने त्याला कसं घेतलं, हे त्याची बायको बेरिल फार रंगवून सांगते. तेव्हा ती चर्चच्या हॉलमध्ये चहा ओतत होती आणि सगळं तिच्यासमोरच घडलं. बँडच्या पोरांनी विचारलं, ड्रम येतात का? नेव्हिल म्हणाला, शिकतोय. मग विचारलं, गाडी आहे म्हणे तुझ्याकडे? आहे म्हटल्यावर नेव्हिल ड्रमर झाला. त्याचं वाजवणं ऐकून बघायची तसदी कुणी घेतली नाही.

तो बँड गायकाच्या लग्नाबरोबर आटोपला. दुसऱ्या बँडमध्ये मात्र दम होता. नेव्हिलचाही हात तोवर बऱ्यापैकी बसला होता. धुक्यातून, बर्फातून त्याने त्या मंडळींना गावोगाव नेलं. ते मागे घोरायचे, हा गाडी हाकायचा आणि पोचल्यावर पुन्हा हाच ड्रम उतरवायचा. मग लंडनच्या एका कंपनीने त्यांची रेकॉर्ड काढायचं ठरवलं, त्यांना नवी कोरी गाडी दिली, वर ड्रायव्हरही दिला. पुढच्याच आठवड्यात बँडला नवा ड्रमर मिळाला.

वाजवणं कमी पडलं, की व्हॅनची गरज संपली? धड कुणी सांगितलं नाही. दुसरा एखादा चिडला असता. नेव्हिलला मात्र राग कमी आणि उत्सुकता जास्त. त्यांचं गाणं रेडिओवर लागलं की तो आवाज वाढवायचा आणि त्या नव्या माणसाचे ड्रम कान देऊन ऐकायचा. कधी वाटायचं, आपल्यापेक्षा बरा आहे. कधी वाटायचं, छे, काहीतरीच.

तिसरा बँड वॉल्ट पर्क्सचा. वॉल्ट खाटीक होता, गळा मोठा आणि बोलणं मोजकं. कामगारांच्या क्लबांत ते वाजवायचे. मध्येच बिंगोचे आकडे पुकारायला सुरुवात झाली की हातातलं गाणं तिथेच सोडून गप्प बसायचं, नाहीतर खेळणाऱ्या बायका फाडून खायच्या. वॉल्टनेही पहिल्या भेटीत हेच विचारलं होतं, "गाडी तुझी स्वतःचीच ना?" नेव्हिल हो म्हणाला आणि पुढची कित्येक वर्षं या बँडमध्ये रमला. तरी तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

एका शनिवारी डडलीच्या चढावर व्हॅनने मान टाकली. मेकॅनिक म्हणाला, दुरुस्त होईल. नेव्हिल घरी येऊन बराच वेळ चहा ढवळत बसला.

"दुरुस्त नाही करायची," तो बेरिलला म्हणाला. "बघू तरी, ते मला ठेवतात की नाही."

"आणि नाही ठेवलं तर? चाळिशीतल्या बिनगाडीच्या ड्रमरला कोण उभं करणार आहे?"

"मग निदान कळेल तरी."

"काय करायचंय कळून?" बेरिल म्हणाली. तिला त्याच्या ड्रमचा आवाज सोसवत नसे, पण ड्रमशिवायचा नेव्हिल तिला त्याहूनही कमी सोसवला असता.

त्याने वॉल्टला सांगितलं, व्हॅन गेली, दुसरी घेणार नाही. वॉल्ट म्हणाला, "बरं. बघतो मी." एवढंच. या 'बघतो मी'ने नेव्हिलची झोप उडवली. कारखान्यात एका कुलपाला त्याने दुसऱ्याच कुलपाची किल्ली बांधून दिली.

तालमीच्या दिवशी तो खिशात काठ्या घालून बसने क्लबवर गेला; ड्रम तिथेच ठेवलेले होते. दारात एक पांढरी व्हॅन उभी होती. आत ड्रमच्या अगदी शेजारी एक अनोळखी गडी उभा होता. परत फिरावं असं नेव्हिलला वाटलं, पण इतक्या वर्षांचं कुतूहल पाय उचलू देईना.

गड्याचं नाव आयव्हर. पाववाला. त्याच्या हातात खंजिरी होती आणि ती तो अशी काही वाजवत होता की ठेक्याशी त्याचं जुनं वैर असावं.

नेव्हिलने वॉल्टला बाजूला घेतलं. "याला वाजवता येतं?"

"नाही."

"मग कशाला आणलास?"

"व्हॅन आहे त्याच्याकडे."

नेव्हिलला हसू फुटलं आणि तसंच विरलं. "खरं सांग वॉल्ट. मला घेतलंस तेव्हा?"

"व्हॅनसाठीच घेतलं," वॉल्ट म्हणाला. "लय अशी पळवायचास लेका, की आम्ही गाण्याच्या मागून धापा टाकत यायचो. याच्यापेक्षा वाईट होतास."

"आणि आता?"

वॉल्टने ड्रममागच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. "आता व्हॅन नाही तुझ्याकडे. आणि ते रिकामं ठेवलंय. जा, बस."

नेव्हिल स्टुलावर जाऊन बसला, नाक पुसलं, काठ्या काढल्या. शेजारी आयव्हर घामाघूम होऊन उभा होता.

"ठेक्यासाठी माझ्या पायाकडे बघत राहा," नेव्हिल त्याला म्हणाला. "आणि व्हॅन इतक्यात विकू नकोस."