भुलभुलैयातले ब्रॉडबेंट

सिरिल ब्रॉडबेंट यांनी हॅलिफॅक्समध्ये उभा जन्म बस चालवली, पण कुणाला कधी रस्ता विचारला नाही. निवृत्त झाल्यावर एकदा बहिणीकडे जेवायला म्हणून निघाले आणि थेट समुद्रावर पोचले. तेव्हाही ते बायकोला एवढंच म्हणाले, "म्हटलं, जरा वारा खाऊ."

एका रविवारी बायकोने, डॉरीनने, त्यांना थॉर्नली हॉल बघायला नेलं. जुन्या उमरावाची ती हवेली सिरिलनी दोन जांभयांत उरकली. बागेत मात्र डोक्याच्याही वर गेलेल्या कुंपणांचा भुलभुलैया दिसला आणि त्यांना चेव चढला.

"दारावरच्या पोरीकडून नकाशा घे," डॉरीन म्हणाली.

"बागेत फिरायला नकाशा कशाला लागतो?"

थोड्याच वेळात ते एका नाक तुटलेल्या संगमरवरी बाईसमोर येऊन उभे राहिले. मग पुन्हा तिच्याचसमोर. तेवढ्यात बाबागाडी ढकलत एक जोडपं आलं. सिरिलच्या अंगात बस कंपनीचा जुना निळा कोट होता.

"तुम्ही इथलेच ना, साहेब? बाहेर कसं पडायचं?"

नाही म्हणायला हवं होतं, ते जमलं नाही. "या माझ्या मागून," सिरिल म्हणाले.

वळणावळणावर आणखी माणसं चिकटत गेली आणि मागे चांगली रांग लागली.

"ही बाई मघाशी बघितली की आपण," एकजण कुरकुरला.

"मघाशी पाठ बघितलीत. आता तोंड बघा."

लोक हसले. सिरिलना हुरूप आला. "हे कुंपण छाटून कधी संपतच नाही. माळी या टोकाला पोचेपर्यंत ते टोक पुन्हा वाढलेलं असतं," त्यांनी ठोकून दिलं.

बाहेर डॉरीनचा चहा आणि जॅम लावलेला स्कोन संपत आला होता. कुंपणापलीकडून नवऱ्याचा आवाज एकदा इकडून, एकदा तिकडून येत होता. हा साफ हरवलाय हे तिने ओळखलं. बाकावर चढून तिने पुढची वाट नीट बघून घेतली. चारचौघांत त्याचं हसं करावंसं तिला वाटेना.

"मिस्टर ब्रॉडबेंट," तिने परक्या बाईसारखी हाक मारली, "डावीकडे वळून सरळ आलात की चहा मिळेल."

"मंडळी, चहाची वेळ झाली," आतून आवाज आला. "डावीकडून चला."

बाहेर पडताच एका म्हातारीने हॉलच्या व्यवस्थापक मिसेस लंब यांना गाठलं. "इतका मजेशीर गाईड मी आजवर पाहिला नाही," ती म्हणाली.

मिसेस लंब यांनी सिरिलना आपादमस्तक न्याहाळलं. "हा आमचा माणूस नाही," त्या म्हणाल्या, आणि मग सिरिलनाच त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी याल का?"

तेव्हापासून सिरिल दर रविवारी लोकांना आत नेतात. ते बाहेर कधी येतील याचा नेम नसतो, पण तक्रार कुणी करत नाही. डॉरीन आता थॉर्नलीला जात नाही. शेजारणीने कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, दुपारभर घर कसं शांत असतं."