कर्णेवाल्याची मिशी

रहिमतपुरात लग्नाला, जत्रेला कर्णे लावायला तोच यायचा. पलटणीतून परतलेला गडी. धंदा मोठ्या आवाजाचा, पण स्वतः इतका हळू बोलायचा की वाकून ऐकावं लागे. माईक तपासताना 'हॅलो हॅलो' कधी म्हणाला नाही. आधी मिशीला पीळ भरायचा, मग माईकवर नखाने टिचकी मारायचा.

त्या वर्षी सांगलीकडची एक नामांकित लावणी गायिका वारली. तिला कोणी कोणी ठेवलं होतं, ते साप्ताहिकांनी फोटोंसकट छापलं. गावाने सकाळी ते चवीने वाचलं आणि संध्याकाळी शोकसभा भरवली. ज्यांनी घरात तिची तबकडी लावू दिली नव्हती, तेच भाषणं करायला पुढे बसले.

कर्णे त्यानेच बांधले होते. मिशी मात्र साफ उतरवलेली. आमच्याकडे ती आईबाप गेल्यावरच उतरते. सभेच्या अध्यक्षांनी विचारलं, "कोण गेलं रं?"

"आई," तो म्हणाला.

माईक चालू होता. या वेळी कुणाला वाकावं लागलं नाही.

त्याची आई तर घरी धडधाकट होती. दुसऱ्या दिवशी पानाच्या दुकानात लोक साप्ताहिकातल्या फोटोंत त्याचा बाप शोधू लागले. मला राहवेना, मी त्याच्या घरी गेलो. तो खाली मान घालून कर्णे पुसत होता. म्हातारी उंबऱ्यात शेंगा फोडत होती.

"मावशी, गाव काय बोलतंय, कळलं का?"

"कळलं की. तिला पानी द्याला कोन न्हवतं, म्हून मीच म्हनलं, काड मिशी." तिने टरफलं झटकली. "माझ्या येळंपतुर उगवंल की परत."