यादोरावची नजर

नवेगाव बांधाच्या परिसरात यादोराव मेश्रामला ओळखत नाही असा मासेवाला शोधून सापडायचा नाही. तलावाजवळच्या मत्स्यबीज केंद्रात तो बावीस वर्षं कामाला. रोहू-कटलाची अंडी गोल हौदातल्या फिरत्या पाण्यात सोडली, की काही तासांनी हा बशीत थोडी उचलायचा, उजेडाकडे धरायचा आणि सांगायचा, दहात सहा जगतील. केंद्राचे प्रमुख भुपेंद्र साहेब भिंगाखाली मोजत बसायचे आणि शेवटी यादोरावच्याच आकड्यावर यायचे. मेलेलं अंडं पांढरं पडतं, हे कुणीही सांगेल. यादोरावला ते पांढरं पडायच्या आधी कळायचं. कसं, ते त्यालाही सांगता येत नसे.

त्याच्या हातून लाखो पिल्लं पाण्यात गेली आणि घरात मात्र तेरा वर्षांत पाळणा हलला नाही. दिव्याखाली अंधार म्हणायला गाव मोकळंच असतं, आणि गाव तसं म्हणालंही. त्याची बायको दुर्गा हे ऐकून घ्यायची आणि घरी येऊन भांडी जरा जोरात घासायची. नागपूरच्या दवाखान्यात टेस्ट-ट्यूब बाळासाठी त्यांनी दोन खेपा केल्या. दोन्ही वेळा गर्भ आत सोडला आणि दोन्ही वेळा तो रुजला नाही. आता गोठवून ठेवलेला एकच गर्भ उरला होता. दुर्गाच्या शरीरात नवी अंडी तयार होण्यासारखी राहिली नव्हती, म्हणजे ही खेप शेवटची.

डॉक्टरीणबाईंनी या वेळी जास्तीचे दोन उपाय सांगितले. गर्भाभोवतीचं कवच कडक असेल तर तो बाहेर पडून पिशवीच्या अस्तराला धरू शकत नाही, म्हणून लेसरने त्या कवचाला बारीक भोक पाडायचं. आणि सोडण्याआधी गर्भ एका चिकट द्रवात ठेवायचा, म्हणजे तो लवकर धरेल. एवढं करूनही दहा जणींत चौघींनाच यश येतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. दुर्गाला निम्मं कळलं नाही. यादोरावने मात्र कान टवकारले. कवच न फुटल्यामुळे आतल्या आत वळवळून मेलेली पिल्लं त्याने किती पाहिली होती! हे तर आमच्या हौदातलंच काम, असं तो दुर्गाला म्हणाला आणि त्या दवाखान्यात दोघं पहिल्यांदा हसली.

गर्भ सोडायच्या दिवशी दुर्गा टेबलावर झोपली होती आणि यादोराव तिच्या उशाशी उभा होता. प्रयोगशाळेतल्या समीक्षा मॅडमनी समोरच्या पडद्यावर गर्भ दाखवला. गोल, एका बाजूने उघडलेला, आणि त्या फटीतून जीव जरासा बाहेर डोकावणारा. छान आहे, असं मॅडम म्हणाल्या. दुर्गाने पडद्याकडे पाहिलंच नाही. ती यादोरावकडे पाहत होती.

"तुमाले समजते. जगल का हे?"

त्याने पाहिलं. फटीच्या उलट बाजूला, अगदी कडेला, एक मंद डाग होता. अंडं पांढरं पडायच्या आधी हौदात दिसतो तसा. माणसाचा गर्भ म्हणजे मासोळीचं अंडं नव्हे, एवढं त्यालाही कळत होतं. पण नजर काय विचारून पडते?

"जगते," तो म्हणाला. "माहा शब्द हाय."

डॉक्टरांच्या चाळीस टक्क्यांवर दुर्गाचा भरवसा नव्हता, नवऱ्याच्या शब्दावर होता. आधीच्या दोन खेपांना ती कुणाजवळ बोलली नव्हती. या वेळी तिने सासूला, लीलाबाईंना, आपण होऊन सांगितलं. दोघींनी जुन्या लुगड्यांची छोटी गोधडी शिवायला घेतली. रोज संध्याकाळी ती यादोरावला विचारायची, आज केवढा झाला असेल? आणि हा बावीस वर्षांचा जाणकार बोटाच्या पेरावर माप दाखवायचा.

चौदाव्या दिवशी रक्त तपासलं. काही नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात कुणाची चूक नाही. घरी आल्यावर दुर्गा गोधडी उराशी धरून इतकी रडली, की लीलाबाईंनी दार लावून घेतलं.

आषाढात केंद्रावर पुन्हा अंडी आली. दुर्गा डबा घेऊन पोचली तेव्हा भुपेंद्र साहेब यादोरावपुढे बशी धरून उभे होते. किती जगतील, असं त्यांनी विचारलं. यादोरावने बशीकडे पाहिलं नाही. भिंगाखाली पाहा साहेब, मला आता दिसत नाही, एवढंच म्हणाला. साहेब चकित होऊन गेले. दुर्गाने ते ऐकलं आणि ती हौदाच्या कठड्यावर बसली.

"तुमाले तवाच दिसलं होतं ना?"

तो म्हणाला, "दिसलं होतं."

"मंग काऊन सांगलं तसं?"

"तू माह्या तोंडाकडं पाहून राहिली होती."

दुर्गा फिरत्या पाण्याकडे पाहत राहिली. मग तिने डोळे पुसले, डबा उघडला आणि भात त्याच्यापुढे सरकवला.

"पुढच्या खेपी खरं सांगजा," ती म्हणाली.

पुढची खेप नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"सांगन," यादोराव म्हणाला.