काढलेला उंबरा

अंगात येणं, बाहेरचं लागणं यातलं मी कधी काही मानलं नाही. माहेरी नाही, सासरीही नाही. म्हणूनच हे कुणाला बोलले नव्हते. जावेची मुलगी मोबाईलवर लोकांचे असले अनुभव वाचत असते, ती म्हणाली, "काकू, तुम्ही पण लिहा." मला चारचौघांत बोलता येत नाही... लिहून बघते.

आमचं घर श्रीगोंदा तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात. दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात लिंब. दाराला सागाचा उंबरा होता, मधोमध झिजलेला. आमचे मालक उसाच्या ट्रॉलीवर चढून दोर आवळत होते, दोर तुटला आणि ते पाठीवर पडले. कंबरेखालचं सगळं गेलं. चिमटा काढला तरी कळत नाही.

नगरच्या दवाखान्यातून सोडायच्या दिवशी सिस्टरनी मला बाजूला घेतलं. कूस कशी बदलायची, खाटेवरून खुर्चीत कसं घ्यायचं ते दाखवलं. मग विचारलं, "ताई, घराला उंबरा आहे का?"

मी मान हलवली.

"मग चाकाची खुर्ची आत-बाहेर कशी करणार? काढून घ्या तो. आणि रोज संध्याकाळी पाय बघायचे. तळवे, बोटं, सगळं. लागलं तर त्यांना कळणार नाही. तुम्हालाच कळलं पाहिजे."

घरी आल्यावर त्यांना उचलूनच आत घेतलं. दुसऱ्या दिवशी दत्तूभाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, पहार घेतली.

"उंबरा काढत्यात व्हय कुठं?" सासूबाई आडव्या आल्या. "बाहेरचं काय बी आत शिरंल."

"आये, आपल्या घरात शिरून त्याला मिळनार काय? पिठलं?"

खाटेवरून मालक म्हणाले, "आधी मला तर भाईर काढा. मग काय शिरायचंय ते शिरू द्या."

ते पडल्यापासून घरात पहिल्यांदाच हसू आलं.

उंबरा निघाला, तो गोठ्यात नेऊन ठेवला. जागा सिमेंटनं सपाट केली. सिमेंट वाळल्यावर मी खुर्ची अंगणात न्यायला निघाले. चाकं दारातून अलगद गेली — आणि मालक कळवळले.

"हळू गं... ठेच लागली."

खाली काहीच नव्हतं. पण उजव्या अंगठ्याचं नख उललं होतं आणि रक्त येत होतं. मला रक्त नंतर दिसलं. आधी त्यांचं तोंड दिसलं. त्यांना दुखत होतं.

दत्तूभाऊजी अनवाणी पायानं दारातली जमीन चाचपत राहिले. "खुर्चीलाच घासलं आसंल," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाय उशीवर ठेवून, फडक्यानं बांधून नेलं. त्याच जागी तेच. फडकं लाल झालं. घरात दुसरीकडं सुई टोचली तरी त्यांना काही कळायचं नाही. फक्त दारात कळायचं.

सासूबाईंनी गल्लीत साखर वाटली. मालक सारखे म्हणायचे, "सुमन, एकदा ने दाराशी." दुखलं की डोळे मिटून हसायचे. मीही नेत राहिले. पाय जागे व्हायला लागलेत असंच वाटायचं.

दवाखान्यात परत दाखवायला गेलो. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले आणि पायभर टाचणी टोचत गेले. "आता? आता कळलं?" मालक दर वेळी हो म्हणत होते. टाचणी लावलेली नसतानाही हो म्हणत होते.

"नसलेलं दुखणं जाणवतं कधी कधी," डॉक्टर म्हणाले. "पण ही जखम खरी आहे. काळी पडायला लागलीय. अशीच चिघळली तर अंगठा काढावा लागेल, मग पाय."

सिस्टर तिथंच उभ्या होत्या. त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "दत्तू, जिथला तिथं बसव तो. ठेच लागायचीच, तर दिसत्या उंबऱ्याची लागू दे."

"आये, नको," मालक म्हणाले. "तेवढंच तर हाय मला."

कुणी ऐकलं नाही. मीही नाही.

दत्तूभाऊजी गोठ्यातून उंबरा घेऊन आले आणि अंगणातच थांबले. लाकडावर मधोमध तांबडे डाग होते, एकावर एक.

"कुकू आसंल," ते म्हणाले. माझ्याकडं बघत नव्हते.

त्या उंबऱ्याला हळदीकुंकू मीच लावत आले. कुंकू कसं सुकतं ते मला माहीत आहे.

हे काय होतं ते मला अजून उमगलेलं नाही, आणि आता उमगेल असंही वाटत नाही. बाहेरचं काही घरात शिरलं होतं असं मी आजही मानत नाही. शिरलं असेल, तर ते परत का गेलं... एवढंच मनात येतं.

अंगठा भरून आला. खुर्ची आता उंबऱ्याच्या आतच थांबते. उचलून बाहेर न्यायला दोन माणसं लागतात, आणि मालकच नको म्हणतात. दुपारी घरात कुणी नसलं की कधी कधी म्हणतात, "लाव माझा पाय." मी त्यांचा पाय दोन्ही हातांत धरते आणि अंगठा उंबऱ्याला टेकवते. जरा दाबूनच.

"लागतंय का हो?"

ते बाहेर लिंबाकडं बघत राहतात.

संध्याकाळी मी पाय बघते. तळवे, बोटं, सगळं. कुठं काही लागलेलं नसतं.