अक्कानं धरलेला नांगर

फोन आला तेव्हा मी मोसंबी सोलत होतो. मंगळवारची सकाळ, ऑफिसला निघायची गडबड, उभ्या उभ्याच खाणं चाललेलं. पैठणजवळच्या आमच्या गावाहून, शेताशेजारचे रहीमचाचा बोलत होते. अक्का गेली म्हणाले. अंगण झाडता झाडता खाली बसली आणि बसली ती उठलीच नाही… पुढचं मला ऐकू आलं नाही. हातातली मोसंबी तिच्याच बागेतली होती. आदल्या दिवशी तिनंच एसटीनं पिशवी पाठवली होती.

अक्का, माझी थोरली बहीण. दोन वर्षं सासरी काढून परत आली ती कायमची, आणि वडलांच्या मागं तीन एकर मोसंबी तिनं एकटीनं सांभाळली. मी शिकलो, शहरात आलो, क्रांती चौकातल्या एका ऑफिसात चिकटलो. बैल थकल्यावर तिनं छोटा ट्रॅक्टर आणला, कारण मोठा ट्रॅक्टर दोन ओळींत शिरला की फांद्या मोडतो. बाई ट्रॅक्टरवर बसली म्हणून गाव आधी हसलं, आणि महिनाभरात तोच ट्रॅक्टर मागायला तिच्या दारात उभं राहिलं. ती देत नव्हती, हा भाग वेगळा.

त्या ट्रॅक्टरच्या रोटावेटरच्या फिरत्या पात्यांनी हराळीचे तुकडे व्हायचे आणि एकेक तुकडा नव्यानं फुटायचा. म्हणून तिनं वडलांचा बैलांचा लोखंडी नांगर काढला, लोहाराकडून कडी बसवून घेतली आणि साखळीनं ट्रॅक्टरमागं जोडला. हराळी मुळासकट उलटी पडायची. अडचण एकच. नांगराची मूठ धरून मागं कुणीतरी चालावं लागे, नाहीतर तो उसळून बाहेर यायचा. आणि बाईनं नांगर धरायचा नाही, असं आमच्या आईनं तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. ट्रॅक्टरची मनाई करायचं कुणाला सुचलंच नव्हतं! अक्काचा अशा गोष्टींवर विश्वास होता असं नाही, पण आईला दिलेला शब्द होता. मी म्हणायचो, मजूर लाव. तर म्हणायची, "त्याला झाडाच्या मुळ्या कुठपत्तुर गेल्यात काय ठावं? तू मागं असला की मला मागं बघावं लागत नाय."

म्हणून दिवाळीनंतर, बहर धरायला बागेचं पाणी तोडलं की, एका रविवारी मी जायचो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ढेकळांतून धडपडायचो. ती पुढं बसून हसायची. "साहेब, फाईल नाय ती, दाबून धरा." संध्याकाळी तळहाताला फोड आलेले असायचे आणि ती त्यावर हळद-तेल लावायची. खरं सांगतो, वर्षातला माझा तेवढा एकच दिवस कामाचा असायचा.

यंदा तिनं तीनदा बोलावलं. पहिल्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग होती. दुसऱ्या रविवारी साहेबांच्या मुलाचं रिसेप्शन. तिसऱ्या रविवारी काहीच नव्हतं. मला जायचा कंटाळा आला होता, बास. सकाळी सहाला तिचा फोन आला, जमीन लई वाळायला लागली म्हणाली, आणि मी पांघरुणातूनच सांगितलं की ताप आलाय. आवाजही तसा काढला… लाज वाटते लिहिताना. ती घाबरली. पडून राहा, नांगराचं बघते मी म्हणाली. सोमवारी मोसंब्यांची पिशवी आली. तापात तोंडाला चव येते म्हणून.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर चाचांबरोबर बागेत गेलो. चाचा आठवडाभर लेकीकडं वैजापूरला होते, सोमवारी सांजच्याला परतलेले. बाग बहुतेक नांगरून झाली होती, शेवटच्या दोन ओळी राहिलेल्या. नांगराचे तास कुठं खोल, कुठं नुसते ओरखडे. दर दहा-वीस पावलांवर नांगर उसळून बाहेर आलेला, आणि तिथं तिथं ढेकळांत तिच्या चपलांचे ठसे. उतरायची, मागं यायची, नांगर उचलून पुन्हा मातीत रोवायची, परत वर जाऊन बसायची. दोन दिवस हेच. साठीला टेकलेली बाई. नांगरावर मातीनं भरलेली खताची गोणी बांधली होती, माझ्या जागी.

चाचा म्हणाले, त्यांनी सोमवारी तिला विचारलं होतं, भाऊ का नाही आला. "तिनं सांगितलं, आजारी हाय, नाय तर तो राहिला नसता. लई घोर लागलेला तिला." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "उतरला ना रे ताप?"

मी म्हणालो, उतरला.

डॉक्टर म्हणतात, हृदय आधीचंच कमजोर असेल. असेल. मला ते पटवून घेता येत नाही आणि कुणी पटवूनही देऊ नये. चाचा पेपर वाचत नाहीत, म्हणून हे इथं लिहायचं धाडस केलं.

परवा चाचा म्हणाले, मी ट्रॅक्टर हाकतो, तू धर, दोन ओळी काढून टाकू. मी नांगरापाशी गेलो. मुठीला तिनं जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली होती, धरताना आपले हात सोलू नयेत म्हणून, आणि गाठ पक्की मारली होती. माझ्या हाताला ती जाड होत होती, मूठ पकडीत येईना. चाचा ट्रॅक्टर सुरू करून थांबले होते. मला ती गाठ सोडवली नाही. त्यांना बंद करा म्हटलं आणि बांधावर येऊन बसलो.